‘प्रेशर’ला कोणतं क्रियापद लावायचं? (दबाव, दाब, दडपण, ताण)

प्रश्न : पानाआड

मराठी बातम्या आणि निवेदनं इंग्रजीत करताना या एका शब्दापाशी गाडी अडते. मराठीत दबाव टाकतात, आणतात, झुगारतात, दबावाला बळी पडतात. दडपण मात्र येतं. इंग्रजीत नाम बहुतेक वेळा ‘प्रेशर’च, पण त्याला जोडायचं काय? ‘गिव्ह प्रेशर’, ‘इन प्रेशर’, ‘बिग प्रेशर’ खटकतात एवढं कळतं. बरोबर काय? आणि ‘स्ट्रेस’, ‘टेन्शन’ कुठे वापरायचे?

उत्तर : खडूफळा

दबाव टाकणे किंवा आणणे याला रोजचा प्रयोग ‘पुट प्रेशर ऑन’. ‘गिव्ह’ नको. ‘एक्झर्ट प्रेशर ऑन’ औपचारिक, अहवालात किंवा भौतिकशास्त्रात शोभतो. ‘अप्लाय’ला मात्र बहुधा ‘टू’ लागतं. प्रथमोपचाराच्या सूचनेत ‘अप्लाय प्रेशर टू द वूंड’ म्हणजे जखम दाबून धरा. संघटितपणे, पदाचं वजन वापरून दबाव आणला असेल तर ‘ब्रिंग प्रेशर टू बेअर ऑन’. हा साचा ठरलेला आहे, त्यातला ‘टू बेअर’ गाळला की वाक्य लंगडं होतं.

आता दबाव सोसणाऱ्याच्या बाजूने. ‘दबावाखाली’मधला ‘खाली’ इथे उपयोगी पडतो: ‘अंडर प्रेशर’. चूक होते ती मराठीत ‘दबावात’ लिहायची सवय असल्यामुळे; त्यातूनच ‘इन प्रेशर’ येतं. पूर्ण वाक्याची जोडणी बघा: ‘द मिनिस्टर इज अंडर प्रेशर फ्रॉम हिज पार्टी टू रिझाइन’. कोणाकडून, ते ‘फ्रॉम’ने, काय करण्यासाठी, ते ‘टू’ आणि क्रियापदाने. इथे ‘फॉर रिझाइनिंग’ चालत नाही. ‘फॉर’च्या पुढे नाम येतं आणि अर्थ मागणीचा होतो: ‘प्रेशर फॉर रिफॉर्म’, म्हणजे सुधारणा व्हावी यासाठीचा रेटा.

बळी पडणे म्हणजे ‘गिव्ह इन टू प्रेशर’. बातमीच्या मथळ्यात ‘बाउ टू प्रेशर’. ‘व्हिक्टिम ऑफ प्रेशर’ हे शब्दाला शब्द ठेवलेलं भाषांतर आहे, ते टाळा. दबाव झुगारणे ‘रेझिस्ट प्रेशर’. दबाव वाढतो तेव्हा ‘प्रेशर इज माउंटिंग’ किंवा ‘बिल्डिंग’, ओसरतो तेव्हा ‘ईझेस’. ‘दडपण येतं’ याचं ‘प्रेशर कम्स टू मी’ होत नाही. कर्ता माणूस करायचा: ‘शी फील्स अंडर प्रेशर’.

विशेषणांत ‘इन्टेन्स’, ‘ग्रेट’, ‘इनॉर्मस’, ‘कन्सिडरेबल’ बिनधास्त वापरा. ‘हेवी’ही चालतं. ‘बिग’ लेखी इंग्रजीत नको. आणि या अर्थाचं ‘प्रेशर’ सहसा मोजता येत नाही, म्हणून ‘अंडर अ बिग प्रेशर’ऐवजी ‘अंडर अ लॉट ऑफ प्रेशर’. अनेकवचन होतं ते वेगवेगळ्या ओझ्यांबद्दल बोलताना: ‘द प्रेशर्स ऑफ वर्क’, ‘फायनान्शियल प्रेशर्स’.

उत्तर : मापकाटा

वरचं सगळं दबाव आणि दडपणाचं झालं. ‘दाब’ म्हटलं की जोड्या बदलतात, आणि तिथे चुकलं तर अर्थच बिघडतो.

‘मला बीपी आहे’ हे मराठीत सगळ्यांना समजतं. ‘आय हॅव बीपी’ मात्र आपल्याकडच्या इंग्रजीबाहेर विचित्र वाटतं, कारण रक्तदाब प्रत्येकालाच असतो. ‘आय हॅव हाय ब्लड प्रेशर’ असं पूर्ण लिहा. मोजणे म्हणजे ‘टेक’ किंवा ‘चेक’. 120/80 वाचताना मधल्या रेषेला ‘ओव्हर’ म्हणतात: ‘वन-ट्वेंटी ओव्हर एटी’. टायरला ‘चेक द टायर प्रेशर’. हवा कमी असेल तर ‘द टायर प्रेशर इज लो’.

हवामानाच्या बातमीत मराठी शब्दच फसवतो. ‘लो प्रेशर एरिया’ म्हणजे कमी दाबाचं क्षेत्र आणि ‘ट्रफ’ म्हणजे पट्टा. वृत्तपत्रं दोन्हींना सर्रास ‘पट्टा’ म्हणतात, म्हणून इंग्रजी करण्याआधी मूळ हवामान-निवेदन उघडून बघा. ‘डिप्रेशन’ ही त्याच्या पुढची, जास्त तीव्र पायरी; तो ‘लो प्रेशर एरिया’चा प्रतिशब्द म्हणून वापरू नका.

प्रश्न : पानाआड

खूप उपयोगी. ‘प्रेशराइज’ क्रियापद चालेल का? ‘टेन्शन’चं राहिलंच.

उत्तर : खडूफळा

ब्रिटिश इंग्रजीत ‘प्रेशराइज समवन इंटू साइनिंग’ चालतं. अमेरिकन वाचकासाठी ‘प्रेशर’ हेच क्रियापद करा. तिथे ‘प्रेशराइज’ म्हटलं की विमानाची केबिन किंवा टाकी डोळ्यांसमोर येते. ‘प्रेशर’ क्रियापद झालं की ‘ऑन’ गळतं: ‘दे प्रेशर्ड हिम’. ‘प्रेशर्ड ऑन हिम’ ही फार सापडणारी चूक आहे.

‘डोन्ट टेक टेन्शन’ आपल्याकडचं. बाहेर ‘डोन्ट वरी’. ‘ही इज इन टेन्शन’ऐवजी ‘ही इज वरीड’ किंवा ‘स्ट्रेस्ड’. ‘टेन्शन’ नाम म्हणून शोभतं ते दोन पक्षांमधल्या तणावाला: ‘टेन्शन बिट्वीन द टू कंट्रीज’, आणि तो निवळला की ‘टेन्शन्स ईझ्ड’.

‘स्ट्रेस’चे दोन अर्थ वेगळे ठेवा. मनावरचा ताण ‘अंडर स्ट्रेस’. भर देणे ‘ले स्ट्रेस ऑन’. क्रियापद केलं की इथेही ‘ऑन’ जातं: ‘शी स्ट्रेस्ड द नीड फॉर वॉटर’. ‘स्ट्रेस्ड ऑन द नीड’ लिहू नका.

उत्तर : मापकाटा

वहीत नुसतं नाम लिहू नका. एका ओळीत क्रियापद, नाम, त्यापुढचं शब्दयोगी आणि एक पूर्ण वाक्य लिहा. शंका आली तर अख्खी जोडी अवतरणचिन्हांत घालून शोधा आणि निकाल भारतीय, ब्रिटिश की अमेरिकन पानांवरचे आहेत ते बघा. ‘गिव्ह प्रेशर’ही सापडेल, पण कुठल्या पानांवर, ते बघितल्याशिवाय आकड्यावर विसंबू नका.