द्राक्षाच्या जातीगणिक वेगळा ग्लास हवाच का?

रानजाई (धागाकर्ती)

वाईनचे ग्लास हल्ली जातवार विकले जातात. पिनो न्वारचा वेगळा, कॅबर्ने सॉव्हिन्याँचा वेगळा, शार्दोनेचा आणखी वेगळा. ऑस्ट्रियाच्या रिडेल कंपनीने 1973 साली 'सोमेलियर्स' मालिका काढली, तेव्हापासून ही पद्धत जगभर रुजत गेली. माझी बाजू अशी: ग्लासच्या आकाराने वाईनचा वास बदलतो हे खरं, पण त्याचा द्राक्षाच्या जातीशी संबंध फार थोडा. घरात दोन प्रकारचे ग्लास पुरतात. उरलेले पैसे चांगल्या बाटलीत घालावेत.

वास ठरतो तो मुख्यतः तीन मापांवर: वाईनचा उघडा पृष्ठभाग किती, तिच्यावर मोकळी जागा किती आणि तोंड पोटापेक्षा किती अरुंद. चाखणीसाठी ठरवलेला आयएसओ 3591 हा 1977 चा मानक ग्लास घ्या. क्षमता सुमारे 215 मिली, उंची 155 मिमी, पोटाचा रुंद भाग 65 मिमी, तोंड 46 मिमी, आणि त्यात ओतायची वाईन फक्त 50 मिली. 65 मिमी व्यासाचा पृष्ठभाग होतो सुमारे 33 चौ. सेंमी. आणि तोंडाचं क्षेत्रफळ साडेसोळा. म्हणजे जेवढ्या जागेतून वाफ उठते, तिच्या निम्म्या वाटेनेच ती बाहेर पडू शकते. पाण्याच्या सरळ ग्लासात हे दोन्ही आकडे सारखेच असतात, आणि मार्टिनीच्या फाकलेल्या ग्लासात वाफेला वर अडवणारं काहीच नसतं.

आपल्याकडच्या हॉटेलांत सगळ्यात मोठा घोळ ग्लासच्या जातीचा नसतो, भरण्याचा असतो. वाईन पोटाच्या रुंद भागाच्या वर गेली की पृष्ठभाग पुन्हा आकसतो, मोकळी जागा संपते आणि ग्लास गोल फिरवला तर वाईन सांडते. उत्तम ग्लास काठोकाठ भरला की त्याचा साध्या पेल्याहून जास्त उपयोग होत नाही.

आता विक्रीतला जुना दावा पाहा: अमुक काठ वाईन जिभेच्या टोकावर सोडतो, तिथे गोड कळतं, म्हणून आंबटपणा कमी जाणवतो. हा जिभेचा नकाशाच चुकीचा आहे. हेनिग या जर्मन संशोधकाने 1901 मध्ये जिभेच्या भागाभागांतले संवेदनशीलतेचे किरकोळ फरक नोंदवले होते. 1942 मध्ये एडविन बोरिंग यांनी ते आलेखात असे मांडले की वाचणाऱ्याला ते प्रचंड वाटावेत. व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी 1974 मध्ये पुन्हा मोजलं तेव्हा फरक आहेत, पण नगण्य, हेच दिसलं. गोड, आंबट, कडू हे जिभेवर जिथे जिथे रुचिकलिका आहेत तिथे सगळीकडे कळतं.

तळघर

जिभेच्या नकाशाबद्दल वाद नाही, तो सोडूनच द्यावा. पण एक दावा खोटा ठरला म्हणून जातवार ग्लासच निरर्थक, हे कसं? तुमच्या तीन मापांत पोटाची वक्रता येतच नाही.

टोकियोच्या मेडिकल अँड डेंटल विद्यापीठात मित्सुबायाशी यांच्या गटाने 2015 मध्ये ग्लासच्या तोंडावरच्या अल्कोहोलच्या वाफेचं चित्रच घेतलं. अल्कोहोल ऑक्सिडेज आणि पेरॉक्सिडेज ही विकरं बसवलेली जाळी ग्लासच्या तोंडावर ठेवायची, त्यात ल्युमिनॉल. वाफ जाळीला लागली की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, ल्युमिनॉल उजळतं आणि कॅमेरा ते टिपतो. वाईनच्या ग्लासवर 13 अंशांना कडेने दाट वाफेचं कडं दिसलं आणि मध्ये अल्कोहोल विरळ. सरळ ग्लास आणि मार्टिनी ग्लास, दोन्हींवर असं कडं नाही. नाक त्या मधल्या भागात धरलं तर अल्कोहोलचा भपका कमी आणि वाईनचा स्वतःचा वास जास्त स्पष्ट. नुसत्या क्षेत्रफळाच्या गुणोत्तरातून हे कळत नाही.

दुसरं, जातीचं. पिनो न्वार पातळ सालीचं द्राक्ष, टॅनिन (तुरटपणा देणारं द्रव्य) कमी, वास नाजूक. क्लाउस रिडेल यांनी 1958 मध्ये बर्गंडीसाठी काढलेला ग्लास 1050 मिलीचा होता. त्यात पूर्ण बाटली मावते, पण तो भरण्यासाठी नाहीच. 105 मिमी व्यासाचं पोट धरलं तर पृष्ठभाग साधारण 87 चौ. सेंमी. होतो, मानक ग्लासच्या अडीचपटीहून जास्त. नाजूक वास गोळा व्हायला एवढी जागा लागते. इटलीतल्या पिएमाँतच्या नेबिओलो या लाल द्राक्षालाही तेच लागू, तिचा गुलाब आणि डांबराचा वास लहान ग्लासात दबून राहतो.

उलट नाशिकची सॉव्हिन्याँ ब्लाँ त्याच फुग्यात ओता. थर उथळ पसरतो, हवेशी संपर्क वाढतो, वाईन बघता बघता कोमट होते आणि तिचा ताजेपणा जातो. मग जातीप्रमाणे ग्लास निवडणं चूक कसं?

बाष्पदाब

तळघर, तुम्ही त्याच प्रयोगाचा अर्धा भाग सांगितलात. 25 अंशांना ते कडं दिसलंच नाही. तोच ग्लास, तीच वाईन, फक्त तापमान वेगळं. माझ्या मते या वादात तापमान पहिलं, भरण्याची पातळी दुसरी आणि आकार तिसरा.

शुद्ध इथेनॉलचा (वाईनमधल्या अल्कोहोलचा) बाष्पदाब, म्हणजे वाफ होण्याचा जोर, 20 अंशांना सुमारे 44 मिमी पारा असतो आणि 30 अंशांना 79 च्या आसपास. दहा अंशांत पावणेदोनपटीहून जास्त. वाईनमध्ये अल्कोहोल साडेबारा-तेरा टक्केच, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे लहान होतात, पण वाढ त्याच चालीने. मे महिन्यात पुण्याच्या दिवाणखान्यात तीस अंशांची शिराझ ओतली तर कुठलाही ग्लास तिचा भपका झाकू शकत नाही. रेड वाईन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी म्हणतात ती खोली युरोपातली, 16 ते 18 अंशांची. आपल्याकडे रेड ओतण्याआधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावी. व्हाइट 8 ते 12 अंशांना. फ्रिजमधून थेट 4-5 अंशांना ओतली तर उलटा दोष: वास बाहेरच येत नाही, आणि लोक ग्लासला दोष देतात.

आणखी एक मूळ गोष्ट. ग्लासवर बशी झाकून दहा मिनिटं ठेवली की आतली हवा वाईनशी समतोल साधते. त्या समतोलात वाफेचं प्रमाण तापमान आणि वाईनमधलं प्रमाण यांवर ठरतं, ग्लासच्या आकारावर नाही. आकाराचं काम सुरू होतं ते बशी काढल्यावर: साठलेला वास किती वेगाने उडतो आणि गोल फिरवल्यावर किती लवकर पुन्हा भरतो. अरुंद तोंड वास तयार करत नाही, तो टिकवतं. म्हणून हवेशीर गच्चीवर किंवा पंख्याखाली आकाराचा फरक बंद खोलीपेक्षा जास्त जाणवेल. चाखणी करताना पंखा बंद ठेवा.

फसफस

सगळे रेड-व्हाइटवरच बोलताहेत. आकाराचा सर्वांत ठोस परिणाम फसफसणाऱ्या वाईनमध्ये दिसतो, आणि तिथे परंपरेने दिलेला ग्लासच अडचणीचा आहे.

शॅम्पेनच्या 750 मिली बाटलीत सुमारे 9 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, वायुरूपात जवळजवळ 5 लिटर. रेम्स विद्यापीठातल्या जेरार लिजे-बेलेर यांनी मोजून दाखवलं की फ्लूट या उंच अरुंद ग्लासच्या तोंडाशी हा वायू कूप या पसरट, उथळ ग्लासपेक्षा बराच दाट साठतो. तो नाकाला झोंबतो आणि त्या झोंबण्यात वास हरवतो. कूपमध्ये उलटं: वायूही उडतो, वासही उडतो आणि वाईन लवकर निपचित पडते. मधला मार्ग ट्युलिपचा, खाली निमुळता, मध्ये फुगीर, वर पुन्हा आत वळलेला.

ओतण्याची रीतही तितकीच महत्त्वाची. ग्लास बिअरसारखा तिरपा धरून भिंतीवरून ओतली तर सरळ मध्ये ओतण्यापेक्षा वायू जास्त टिकतो, आणि वाईन थंड असेल तर आणखी. बुडबुडे काचेतून आपोआप उठत नाहीत. कापडाचे बारीक तंतू काचेला चिकटलेले असतात, त्यांत अडकलेल्या हवेवर ते वाढतात, किंवा तळाशी लेझरने मुद्दाम कोरलेल्या ओरखड्यांवर. ग्लास अगदी चकाचक आणि तंतूविरहित असेल तर बुडबुडे मोजकेच, म्हणून लगेच वाईनला नावं ठेवू नका.

काटेकोर

रानजाईंच्या बाजूचा, पण त्यांच्याहून कडक. वर कुणीही हे विचारलं नाही की ग्लास दिसत नसताना फरक कळतो का? डेल्विश आणि पेल्चॅट यांनी 2002 मध्ये ग्लास डोळ्यांना दिसणार नाही, हाताला लागणार नाही अशी व्यवस्था करून वास घ्यायला लावला. आकाराचा परिणाम सापडला, पण छोटा. जाहिरातीत सांगतात तो 'वेगळीच वाईन' इतका फरक दूरच राहिला.

घरी तपासायचं तर असं करा. एकच बाटली, दोन आकारांचे ग्लास, प्रत्येकात 50 मिली, तापमान सारखं. चाखणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी. ग्लास दुसऱ्याने धरायचा, कारण दांडी हातात आली की वजनावरून ओळख पटते. काठ नाकापासून दोन सेंटिमीटरवर, ओठाला लावायचा नाही. तीन ग्लास पुढे आणायचे, दोन एका आकाराचे, एक वेगळा, आणि वेगळा कोणता ते विचारायचं. प्रत्येक फेरीत क्रम चिठ्ठी टाकून बदला आणि मध्ये निदान एक मिनिट थांबा, नाक लवकर सरावतं. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येतंच. म्हणून 12 फेऱ्यांत 7 बरोबर आले तरी पुरेसं नाही, 8 लागतात.

मग दुसरा भाग. पोहण्याची नाकाची क्लिप लावून दोन्ही ग्लासांतून घोट घ्या. नाक बंद असताना गोड, आंबट, कडू, तुरट आणि अल्कोहोलचा जळजळाट एवढंच उरतं. फरक नाहीसा झाला तर तो नाकाचाच होता. उरला तर तो काठाचा आणि घोटाचा.

तळघर

चाचणी चांगली आहे, पण तिच्यात एक पेच आहे. प्रत्येकी 50 मिली म्हणजे मात्रा सारखी, पातळी नाही. मानक ग्लासात 50 मिली रुंद भागाच्या जवळपास येते, 1050 मिलीच्या फुग्यात तळाशी चमचाभर दिसते. तुम्ही मोठ्या ग्लासला त्याच्या चुकीच्या पातळीवर तपासताय. दोन्ही रुंद भागापर्यंत भरा, तर मात्रा वेगळी होते. दोन्ही प्रकारे करावं लागेल, आणि दोन निकाल वेगळे आले तर तेच खरं उत्तर.

काठाचंही इतक्यात मिटवू नका. जिभेचा नकाशा गेला तरी घोटाचा आकार राहतो. तोंड 50 मिमीच्या आत असेल तर नाक काठावर अडतं, मान मागे टाकावी लागते आणि वाईन वेगाने आत येते. रुंद तोंडाच्या ग्लासात मान सरळ राहते, नाक काठाच्या आत राहतं, घोट हळू आणि लहान येतो. घोट घेतानाच वास मिळणं आणि न मिळणं यात चव बदलते. गोल वळवलेला जाड काठ आणि कापून घासलेला पातळ काठ यांतला फरक तर ओठांना लगेच कळतो.

कपबशी

आकारावर एवढं बोलताना स्वच्छतेचा विषय सुटू नये, कारण घरोघरी वास बिघडतो तो तिथेच. ग्लास पालथे घालून बंद कपाटात ठेवले की लाकडाचा, कागदाचा, जवळच्या डांबरगोळ्यांचा वास पोटात कोंडतो. पोट जितकं मोठं आणि तोंड जितकं अरुंद, तितका तो जास्त टिकतो. म्हणजे महाग ग्लासच इथे आधी फसतो. ग्लास सुलटे ठेवा. ओतण्याआधी रिकामा ग्लास नाकाशी धरा. वास आला तर चमचाभर वाईन फिरवून टाकून द्या, मग भरा.

लिंबाच्या वासाचा साबण टाळा, गरम पाण्याने धुवा, नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असेल तर शेवटचं पाणी फिल्टरचं घ्या. पुसताना एका हातात बैठक आणि दुसऱ्यात पोट धरून पिळू नका, दांडी तिथेच मोडते. पुसायचा तो भागच धरावा.

नवखा_चाखी

बिनदांडीचे ग्लास चालतील का? आणि स्टीलचा पेला?

बाष्पदाब

बिनदांडीचा, पोट आत वळलेलं असेल तर वासाला चालतो. तळहाताच्या उबेने व्हाइट लवकर तापते, म्हणून कमी ओता आणि पुन्हा पुन्हा ओता. स्टीलच्या पेल्याला सरळ भिंत, रंग दिसत नाही आणि काठ जाड. वासासाठी घेऊ नका.

रानजाई

तळघर, पातळीचा मुद्दा मान्य, चाचणी दोन्ही प्रकारे व्हावी. पण तुमची सगळी उदाहरणं पाहा: पिनो न्वार आणि नेबिओलोसाठी मोठं पोट, सॉव्हिन्याँ ब्लाँसाठी लहान. म्हणजे मोठा एक, लहान एक. माझेही दोनच आहेत. मोठा 600 मिलीच्या आसपास, तोंड 65 ते 70 मिमी. लहान 350 मिलीचा, तोंड 55 ते 60, आणि त्यातच फसफसणारी वाईनही. कॅबर्नेचा आणि शिराझचा वेगळा, शार्दोनेचा आणि शेनिन ब्लाँचा वेगळा, यासाठी कुठे काही पुरावा आहे?

तळघर

ओकच्या लाकडी पिंपात मुरलेली शार्दोने तुमच्या लहान ग्लासात बसत नाही, ती मोठ्यातच घ्यावी लागेल. म्हणजे रेड-व्हाइट असे दोन डबे नकोत. कॅबर्ने आणि शिराझ यांतला फरक बंद डोळ्यांनी सिद्ध व्हायचा आहे, हे मान्य. चाचणी करा, पण वाईन बरोलो (नेबिओलोचीच) घ्या, 16 अंशांवर, बाटली तासभर आधी उघडलेली. पहिला सामना तुमचा 600 मिलीचा विरुद्ध 1050 मिलीचा. त्यात 12 पैकी 8 आले नाहीत तर मी मोठ्या फुग्याची शिफारस थांबवेन.

काटेकोर

बाटली आधी उघडून चालणार नाही, बाराव्या फेरीपर्यंत वाईन बदललेली असेल. चार-चार फेऱ्यांच्या तीन बैठका करा, प्रत्येक बैठकीला त्याच लॉटची नवी बाटली, आणि दर फेरीला ताजी वाईन ओतून ग्लासवर बशी. दोन्ही ग्लासांच्या काठाची जाडी सारखी निवडा, नाहीतर क्लिपच्या फेरीत ओठच उत्तर देतील.