अकरावी सायन्स: गणित आणि बायोलॉजी दोन्ही ठेवावं की एक सोडावं?

मुक्ताई_०७
मुलीला स्टेट बोर्डाच्या अकरावीला सायन्समध्ये प्रवेश मिळालाय. आता कॉलेजने विषयांचा फॉर्म दिलाय, शनिवारपर्यंत भरून द्यायचा आहे. मेडिकलचं पक्कं नाही, पण नीटचा रस्ता आत्ताच बंद करायला मन होत नाही. आर्किटेक्चर आणि आयसरही (विज्ञान शिक्षण-संशोधनाच्या केंद्रीय संस्था) तिच्या डोक्यात आहेत. क्लासवाले म्हणतात पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी) घ्या, मेडिकल आणि इंजिनीअरिंग दोन्ही दारं उघडी. ऑफिसमधले म्हणतात बायफोकल कॉम्प्युटर सायन्स घ्या, मार्क पडतात. कोणत्या प्रवेशाला नेमकं काय लागतं, हे कोणी सांगेल का?

पायवाट
आधी फॉर्मचं गणित बघा. बारावी ६०० मार्कांची, विषय सहा. इंग्रजी सक्तीचं. दुसरी जागा भाषेची (मराठी, हिंदी, संस्कृत, जर्मन, जे कॉलेजात असेल ते) किंवा तिच्याऐवजी आयटी. फिजिक्स आणि केमिस्ट्री जवळपास सगळेच घेतात. म्हणजे खरा निर्णय उरलेल्या दोन जागांचा: गणित, बायोलॉजी, भूगोल वगैरेंपैकी कोणते दोन.

त्यामुळे पीसीएमबीत 'एक विषय जास्त' हा गैरसमज आहे. विषय सहाच राहतात. भूगोलासारख्या हलक्या विषयाच्या जागी एक जड विषय येतो, एवढंच.

बायफोकलचा हिशेब वेगळा. कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स एकटंच २०० मार्कांचं असतं आणि दुसरी भाषा व एक विषय अशा दोन जागा खातं. दोन पेपर, प्रत्येकी ५० थिअरी आणि ५० प्रॅक्टिकल. अर्धे मार्क प्रॅक्टिकलचे म्हणून 'पडतात'. पण इंग्रजी, फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि सीएस झालं की फॉर्म भरला, बायोलॉजीला जागाच उरत नाही. नीट डोक्यात असेल तर बायफोकलचा विचार इथेच सोडा.

टिपणवही
कुठे काय लागतं ते सांगतो.

नीट: फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी (किंवा बायोटेक्नॉलॉजी) आणि इंग्रजी. पीसीबीत मिळून खुल्या गटाला ५० टक्के, राखीव गटांना ४०. गणित लागत नाही.

महाराष्ट्रातलं इंजिनीअरिंग, सीईटीतून (राज्याची प्रवेश परीक्षा): फिजिक्स आणि गणित हवंच, तिसरा विषय सहसा केमिस्ट्री. तिन्हीत मिळून ४५ टक्के, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४०. सीईटीला पर्सेंटाइल भरपूर पण बोर्डात ४५ नाहीत, म्हणून बाद झालेली मुलं दरवर्षी असतात.

एनआयटी, आयआयटी (जेईई या प्रवेश परीक्षेतून): पीसीएम, शिवाय बारावीला ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ६५) किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं. हे ७५ टक्के सहा विषयांचे नाहीत. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, एक भाषा आणि उरलेल्यांतला एक, असे पाच विषय धरतात. मार्कशीटवर ७३ दिसले म्हणून लगेच हाय खाऊ नका, पाचांची बेरीज करा.

आर्किटेक्चर: नाटा (आर्किटेक्चरची स्वतंत्र प्रवेश परीक्षा) किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर. बारावीला फिजिक्स आणि गणित आवश्यक. म्हणजे तुमच्या मुलीला गणित सोडून चालणार नाही, हा प्रश्न इथेच मिटला.

आयसर: बायोलॉजी, केमिस्ट्री, गणित, फिजिक्स यांपैकी निदान तीन विषय बारावीला हवेत. प्रवेश परीक्षेत मात्र चारही विषयांचे १५-१५ प्रश्न असतात, एकूण ६० प्रश्न, २४० मार्क. एक विषय नसेल तरी बसता येतं, फक्त ते १५ प्रश्न अंदाजपंचे सोडवायचे किंवा सोडून द्यायचे. पीसीएमबीचा खरा फायदा दिसतो तो इथे.

बी. फार्मसीला गणित किंवा बायोलॉजी, काहीही चालतं. एनडीएतून नौदल किंवा हवाईदलात जायचं तर फिजिक्स, केमिस्ट्री, गणित लागतं.

सरळरेघ
वरचं सगळं बरोबर आहे, पण 'दोन्ही दारं उघडी' हे क्लासवाल्यांचं वाक्य मला पटत नाही. पीसीएमबी घेणं वेगळं आणि नीट-जेईई दोन्हींची तयारी करणं वेगळं. नीटच्या १८० प्रश्नांपैकी ९० बायोलॉजीचे. ती एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकांची ओळ न् ओळ वाचून येते, रोज उजळणी लागते. जेईईच्या गणिताला तासन् तास सराव लागतो. दोन्ही एकाच वेळी केलं की फिजिक्ससुद्धा अर्धवट राहतं.

बारावीला सहाही विषयांत पास व्हावं लागतं, हेही विसरू नका. 'गणित नुसतं ठेवायचं, अभ्यास नीटचा करायचा' असं ठरवलेली मुलं गणिताच्या ८० मार्कांच्या लेखी पेपरात अडकतात. लेखी आणि प्रॅक्टिकल मिळून १०० पैकी ३५ च्या आत राहिलं तर नीटचा स्कोअर हातात असून बारावी पास नाही.

माझं मत: या मुलीने पीसीएमबी घ्यावं, पण अकरावीच्या दिवाळीपर्यंत एकच मुख्य परीक्षा ठरवावी. सीईटीला पीसीएम आणि पीसीबी असे दोन वेगळे गट आहेत, दोन्हीला बसता येतं. तिथे निगेटिव्ह मार्किंग नाही आणि साधारण २० टक्केच भाग अकरावीचा असतो, त्यामुळे दुसरी बाजू सीईटीपुरती सांभाळता येते. नीट किंवा जेईईत मात्र अकरावीचा भाग जवळपास निम्मा, तिथे अशी सवलत नाही.

पायवाट
एक भर. आत्ता बायोलॉजी सोडली म्हणून कायमची गेली असंही राहिलेलं नाही. बारावीनंतर जादा विषय म्हणून बायोलॉजी करणाऱ्यांनाही नीटला बसता येईल, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. बोर्डात एकट्या विषयाला बसायची सोय आहे. पण बायोलॉजीत ३० मार्क प्रॅक्टिकलचे असतात, ते कोणत्या कॉलेजात करायचं हे आधी ठरवावं लागतं. यात वर्ष जातं. पर्याय म्हणून ठीक, बेत म्हणून नाही.

मुक्ताई_०७
आभार सगळ्यांचे. मग पीसीएमबी. राहिली भाषेची जागा: मराठी की आयटी?

टिपणवही
पीसीएमबीवाल्यांनी आयटी घेतलं तर सोपं जातं. लेखी ८० मार्कांचा पेपर कॉम्प्युटरवर, प्रॅक्टिकल २०. इंग्रजी असतेच, त्यामुळे जेईईच्या पाच विषयांतली भाषेची अट त्यातून भागते, नीटलाही अडत नाही. तिचं मराठी चांगलं असेल आणि लिहायची आवड असेल तर मराठी ठेवा, मार्क तिथेही मिळतात. मात्र आयटीच्या प्रॅक्टिकलची बॅच बायोलॉजीच्या प्रॅक्टिकलवर आदळत नाही ना, हे कॉलेजचं टाइमटेबल बघून विचारा. पीसीएमबीची तुकडी लहान असली की हा घोळ हमखास होतो.

सरळरेघ
आणि भरलेल्या फॉर्मचा फोटो काढून ठेवा. बारावीच्या आवेदनपत्रात अकरावीचेच विषय चढतात. ते भरून झाल्यावर कॉलेज प्री-लिस्टवर (भरलेली माहिती तपासायची यादी) सही घेतं, त्यात विषयांचे कोड असतात. बरीच मुलं नाव आणि जन्मतारीख बघून सही ठोकतात. कोड एकेक करून ताडून बघा. हॉल तिकिटावर जीवशास्त्राऐवजी भूगोल उमटला तर ऐन फेब्रुवारीत विभागीय मंडळाच्या चकरा माराव्या लागतात.