मदत हवी आहे: बॅटरी भरली की पवनचक्कीची वीज कुठे वळवायची?

नमस्कार मंडळी. पेडणे तालुक्यात, समुद्राच्या बाजूला सड्यावर आमचं घर आहे. छपरावर ३ किलोवॉटची सोलर पॅनलं, खांबावर १ किलोवॉटची पवनचक्की, हायब्रिड इन्व्हर्टर आणि ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, म्हणजे साधारण ५ युनिटं.

बॅटरी दुपारपर्यंत उन्हावरच भरत येते आणि नेमके तेव्हाच खारे वारे जोर धरतात. पॅनलांची काळजी नाही. इन्व्हर्टरने वीज घेणं थांबवलं तरी ती उन्हात नुसती तापतात. पवनचक्कीला मात्र भार लागतोच, तो सुटला की पाती सुसाट फिरतात आणि व्होल्टेज चढतं. त्यासाठी तिच्या कंट्रोलरला डम्प लोड, म्हणजे जादा वीज उष्णता करून जाळणारा रेझिस्टर, जोडलेला आहे. पण हा कंट्रोलर लेड-अ‍ॅसिड बॅटरीच्या हिशोबाने बनलाय, ५७.६ व्होल्ट झाल्याशिवाय तो वीज डम्पकडे वळवत नाही. आमच्या बॅटरीत १६ सेल. ५७.६ म्हणजे सेलमागे सरासरी ३.६ व्होल्ट, पण तिथे पोचायच्या आतच एखादा पुढे पळणारा सेल ३.६५ गाठतो आणि बीएमएस (बॅटरीतलं सेल सांभाळणारं सर्किट) चार्जिंग तोडतं.

काल मीटरसमोर उभा राहून पाहिलं. ५६.९, ५७.२, ५७.४ आणि टक्! पवनचक्कीचा भार गेला, व्होल्टेज उसळलं, इन्व्हर्टर ओव्हरव्होल्टेज दाखवून बंद. बाहेर लख्ख ऊन, वारा जोरात, आणि घरात फ्रीज बंद. पात्यांचा आवाज असा चढला की आई अंगणातून आत आली. पैशांपेक्षा मला त्या खांबाचीच धास्ती जास्त वाटते.

बीएमएसचं बोलणं फक्त इन्व्हर्टरशी होतं, पवनचक्कीच्या कंट्रोलरला त्यातलं काहीच कळत नाही, हे मला मूळ दुखणं वाटतं. डम्पची मर्यादा ५५.२ वर आणून सोलरचं चार्जिंग त्याहून खाली, ५४.४ ला थांबवलं तर सोलर आधी मागे हटेल आणि वाऱ्याची वीज आत येत राहील, असा माझा विचार आहे. हे बरोबर आहे का? की लिथियमचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ हलतच नसल्यामुळे बॅटरी किती टक्के भरली ते बघूनच ठरवावं? इन्व्हर्टरला रिलेचा कोरडा संपर्क (स्वतः वीज न देता नुसता स्विचसारखा चालणारा) आहे. ९० टक्क्यांना विहिरीचा पंप आपोआप सुरू करायचा म्हटलं, तर पंपाचा सुरुवातीचा झटका इन्व्हर्टर झेलेल का? पंप १ एचपीचा आहे. आणि डम्पची वीज गीझरच्या टाकीत घालणं सुरक्षित आहे का? पाणी तापून थर्मोस्टॅटने वीज तोडली तर भार पुन्हा सुटणार, मग दुसरा डम्प ठेवावाच लागेल ना?

पवनचक्की काढून टाका, असं कृपया सांगू नका. पावसाळ्यात आठवडाभर ऊन नसतं, फांदी तारांवर पडून लाइट जाते, तेव्हा रात्री बॅटरी तीच भरते. किनाऱ्यावर कुणाकडे अशी जोडणी चालू असेल तर तुमचे व्होल्टेजचे आकडे आणि डम्पच्या रेझिस्टरची क्षमता इथे टाकाल का?