राजीनामा दिला म्हणजे भागीदार मोकळा झाला असं नाही
शिरोलीतल्या तिघांच्या मशीन शॉपबद्दल प्रश्न आलाय: प्रायव्हेट लिमिटेड आहे, एकानं डायरेक्टरपद सोडलं, विषय मिटला का? नाही हो. राजीनाम्यानं तो फक्त बोर्डावरून उतरतो, डीआयआर-१२ हा फॉर्म म्हणजे त्याची कंपनी रजिस्ट्रारकडची नोंद. शेअर त्याच्याच नावावर राहतात. ते दुसऱ्याच्या नावावर करायला एसएच-४ या शेअर हस्तांतराच्या फॉर्मवर सह्या आणि बोर्डाचा ठराव लागतो. आधी आर्टिकल्स, म्हणजे कंपनीची नियमावली उघडा, बाहेरच्याला विकण्याआधी आपसांत विचारायची अट बहुधा असतेच.

खरं भांडण शेअरच्या किमतीवरनं होतं. घसारा वजा जाऊन जुनी लेथ, व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) ताळेबंदात मातीमोल दिसतात, बाजारात मात्र चांगला भाव येतो. उलट येणी कागदावर मोठी, त्यातली निम्मी अडकलेली. जाणारा पहिलं दाखवतो, राहणारे दुसरं. म्हणून रोजचे हिशेब न बघणाऱ्या सीएकडून मूल्यांकन करून घ्या. 'दोस्तीत' फार स्वस्तात शेअर घेतले तर फरकावर घेणाऱ्यालाच आयकर लागू शकतो.

बँकेचा विषयही विसरू नका. कॅश क्रेडिटला (बँकेच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जाला) त्यानं दिलेली वैयक्तिक हमी राजीनाम्यानं सुटत नाही, बँकेकडून लेखी मोकळीक हवी. शेअरच्या पैशांचा शेवटचा हप्ता त्या मोकळिकीशीच जोडून ठेवा, दोन्ही बाजू जाग्या राहतात.

साध्या भागीदारी फर्मचं वेगळं. तिथं १९३२ च्या कायद्याप्रमाणे जाहीर नोटीस द्या, नाहीतर नंतरच्या उधारीसाठीही लोक त्याचं दार वाजवू शकतात. आणि दोघांतला एक गेला तर फर्मच उरत नाही.