सोसायटीने सावरलं: तुमचेही अनुभव लिहा

काल माळा आवरताना सोसायटीचं जुनं पावतीपुस्तक सापडलं. कार्बनचा निळा डाग अजून अंगठ्याला लागला. 2009. हे जाऊन आठ महिने झाले होते, मी दार उघडायचे ते फक्त दूधवाल्याला. दुसऱ्या मजल्यावरचे काका आले, "ताई, मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, महिनाभर पावत्या तुम्ही फाडा." नाही म्हणायचं सुचलंच नाही. चोवीस बिऱ्हाडं, प्रत्येक दारात दोन मिनिटं बोलणं आलंच. पहिल्याच महिन्यात 340 रुपये कमी भरले, रात्रभर डोळा नाही. सकाळी चार नंबरवाल्या वहिनीच पैसे घेऊन आल्या, त्यांच्या टीव्हीवर राहिले होते! सप्टेंबरच्या एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, जमाखर्च मीच वाचला. हात कापत होते.
काकांचं ऑपरेशन दोन वर्षांनी झालं.

खिडकीतली मनी: काका 😂❤️ आमच्याकडे खजिनदारासाठी चिठ्ठ्या टाकतात. ज्याचं नाव निघतं तो गावाला जातो.

एकटीच_बरी: घटस्फोटानंतर तीन घरमालकांनी "एकट्या बाईला देत नाही" म्हटलं. मग डोंबिवलीत वन आरके घेतला. कर्ज 14 लाख, पण रडले कशावर, तर सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर. पन्नासचे पाच शेअर, 250 रुपये फक्त. त्यावर माझं एकटीचं नाव.

गळकं छप्पर: विषय निघालाच आहे तर, वरच्यांच्या बाथरूममधून आमच्या बेडरूममध्ये गळतंय. खर्च कोणाचा?

खिडकीतली मनी: बाथरूमचं असेल तर वरच्यांचा, गच्चीचं असेल तर सोसायटीचा. सोसायटीचे बाय-लॉज (नियम) वाच.

सोलापुरी चादर: आमची आजी विडी कामगार. पूर्व भागात एका खोलीत सात जण. कामगार नेते आडम मास्तरांच्या लढ्यातून सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांची सोसायटी झाली ना, दहा हजार घरांची, 2006 ची, त्यात तिला घर लागलं. पहिल्या दिवशी आतून कडी लावायची, काढायची, परत लावायची. आई म्हणाली काय चाललंय, तर "बघतेय बसते का नीट." सूप घेऊन ओट्यावर बसली की कोण कुठे चाललाय सगळी चौकशी. त्या खोलीत कधी तोंड वर करून बोलली नव्हती म्हणे. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

नावात काय आहे: सगळ्यांच्या नशिबी असे काका नसतात. नोकरी गेली तेव्हा पाच महिने मेंटेनन्स थकला. चेअरमनने लिफ्टशेजारच्या बोर्डावर नाव लावलं, वर 21 टक्के व्याज. मुलगी जिन्याने जायला लागली. चौथा मजला.

धागाकर्ती: वाचून कसंसंच झालं हो. थकबाकी काय, मीही वसूल केलीये, पण दार लोटून घेऊन, हळू आवाजात. मुलगी कशी आहे आता?

नावात काय आहे: बरी आहे. आता कमिटीवर मी आहे. तो बोर्ड काढला.

गळकं छप्पर: वरचे म्हणतात गच्चीचंच आहे. ते चौथ्यावर, बिल्डिंग सात मजली 🙏