मदत हवी आहे: परदेशात वर्षभर स्वयंसेवक नर्स म्हणून जायचंय, अर्ज अडलाय

नमस्कार. मी मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. नोकरीची बहुतेक वर्षं लेबर वॉर्डात गेली. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव वेळेत आवरला तर बाई वाचते, हे आम्ही रोज बघतो. जिथे हे करणारी शिकलेली माणसंच कमी आहेत, तिथे वर्षभर काम करायचं कधीपासून मनात आहे. लेकाची बारावी झाली, घरचे हो म्हणालेत, म्हणून आता अर्जाला बसले.

शोधाशोध करून एवढं कळलं. अमेरिकन सरकारची स्वयंसेवक संस्था, पीस कॉर्प्स, फक्त अमेरिकन नागरिकांना घेते, ते बाद. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात, यूएनव्हीत, स्पेशालिस्ट गटाला वय किमान २७ आणि अनुभव किमान ३ वर्षं लागतो. त्यात मी बसते, प्रोफाइल भरून ठेवलं आहे. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या वैद्यकीय मदत संस्थेचा फॉर्मही अर्धा झालाय.

आता अडलंय ते असं. रेफरन्स देणाऱ्या वरिष्ठांचा ऑफिसचा ईमेल मागतात. आमच्या इन्चार्ज सिस्टरांकडे तसा ईमेलच नाही, त्या स्वतःचा जीमेल वापरतात. ज्या मेट्रनबाईंनी माझं काम सगळ्यात जवळून पाहिलं त्या निवृत्त झाल्या. कुणाचं नाव द्यावं? दुसरं, पोलीस क्लिअरन्स, डिग्रीचं अपोस्टिल (कागद परदेशात मान्य व्हावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का), लसी यांतलं आधी काय करायचं? आणि इंटरव्ह्यूत नेमकं काय विचारतात?

अजून एक, आणि याची काळजी मला जास्त आहे. माझ्याबरोबरची धाकटी सिस्टर एका एजन्सीकडे पैसे भरायच्या बेतात आहे. आफ्रिकेत पंधरा दिवस, टूरिस्ट व्हिसा, 'प्रत्यक्ष बाळंतपणं करायला मिळतील' असं सांगतात. मला हे अजिबात पटत नाही. तिथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी नाही, भाषा येत नाही, आणि पंधराव्या दिवशी निघून यायचं. उद्या असं कुणी परदेशातून आपल्या वॉर्डात आलं तर आपण पेशंटला हात लावू देऊ का? तिला समजावायला नीट माहिती हवी आहे. जाऊन आलेलं कुणी असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद

ताई, मी लॅब टेक्निशियन म्हणून दक्षिण सुदानला जाऊन आलोय. रेफरन्सला मेट्रनबाईंचंच नाव द्या. त्या निवृत्त आहेत हे फॉर्ममध्ये स्पष्ट लिहा, चालू फोन नंबर द्या, आणि सोबत रुग्णालयाच्या लेटरहेडवर सही-शिक्क्याचं अनुभवपत्र जोडा. दुसरं नाव इन्चार्ज सिस्टरांचं. दोघींना आधी कल्पना देऊन ठेवा, नाहीतर परदेशातून आलेला मेल न उघडताच डिलीट होतो.

इंटरव्ह्यूत 'सेवेची आवड आहे' यावर भागत नाही. प्रसंग विचारतात. रक्त मिळत नव्हतं तेव्हा तुम्ही काय केलंत? डॉक्टरांशी मतभेद झाला तेव्हा कुणाशी बोललात, कसं बोललात? आपण वॉर्डाने मिळून काय केलं ते सांगत बसतो. त्यांना तुमच्या हातून काय झालं ते ऐकायचं असतं. नाइटला एकट्याने सांभाळलेले चार-पाच प्रसंग आठवून कागदावर उतरवा, वेळेसकट. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्समध्ये निवड झाली म्हणजे लगेच तिकीट असं नाही. यादीत नाव जातं, मग जागा निघेपर्यंत थांबायचं. देश आपण निवडायचा नसतो, हे घरच्यांना आत्ताच सांगा. थांबायच्या काळात फ्रेंच शिकता आलं तर बघा, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या बऱ्याच जागांना ती लागते.

प्रतिसाद

कागदांचं मी सांगते. परदेशासाठीचं पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा पोर्टलवरून काढायचं. पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र वेगळं, ते इथल्या नोकऱ्यांसाठी. क्लिअरन्स आत्ता काढू नका, बरेच दूतावास सहा महिन्यांच्या आतलंच मागतात. टूरिस्ट व्हिसासाठी ते मिळतच नाही, हे तुमच्या धाकट्या सिस्टरला दाखवा. एजन्सी टूरिस्ट व्हिसावर पाठवते याचा अर्थ तिथल्या सरकारच्या लेखी ती कामाला आलेलीच नाही. काही बरंवाईट झालं तर तिच्या बाजूने कोण उभं राहणार?

डिग्रीला मात्र आत्ताच लागा. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं सर्टिफिकेट, त्यावर राज्याचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, असा क्रम असतो. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, पण सगळे देश नाहीत. जायचा देश त्यात नसेल तर त्याच्या दूतावासाचा शिक्का लागतो. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून गुड स्टँडिंगचंही, म्हणजे नोंदणी चालू आहे आणि तक्रार नाही अशा दाखल्याचं, विचारून ठेवा.

पिवळ्या तापाची लस अधिकृत केंद्रातच घ्यायची. प्रमाणपत्र लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. ते नसताना पिवळा ताप असलेल्या देशातून परत आलात तर इथे विमानतळावरून थेट विलगीकरणात नेतात, ६ दिवसांपर्यंत.

प्रतिसाद

एजन्सीबद्दल एवढंच: यूएनव्ही भरतीच्या कुठल्याच टप्प्यावर उमेदवाराकडून पैसे घेत नाही, उलट राहण्या-खाण्याचा भत्ता देते. धाकट्या सिस्टरचा अनुभव कमी असेल तर त्यांचंच ऑनलाइन स्वयंसेवेचं काम आहे, आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, घरबसल्या. तिथून सुरुवात करू दे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. मेट्रनबाईंना फोन केला, त्या आनंदाने तयार झाल्या. धाकट्या सिस्टरला हा धागा वाचायला दिलाय. टूरिस्ट व्हिसाचा मुद्दा तिला पटला, पैसे भरायचं तिने थांबवलंय.

आता रजेचं राहिलं. वर्षभराची बिनपगारी रजा मागायची आहे, नोकरी सोडायची नाही, घराचा हप्ता चालू आहे. महापालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयातून अशा कामासाठी रजा आणि ना हरकत पत्र कुणी मिळवलं असेल तर अर्ज कुणाच्या नावे केला, आणि निवडीचं पत्र हातात येण्याआधी केला की नंतर, ते कृपया सांगा.