‘द डे ऑफ द जॅकल’ (१९७३): शेवट ठाऊक असूनही मधला तास सैल का पडत नाही?

सावलीमागे

प्रश्न फ्रेड झिनेमनच्या मूळ चित्रपटाबद्दल आहे. त्यात ‘जॅकल’ नावाचा भाडोत्री मारेकरी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांना मारायला निघतो. शार्ल द गॉल १९७० साली नैसर्गिक मृत्यूने गेले, म्हणजे १९६३ मधला हा कट फसणार हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक. त्यात मधला तासभर पोलीस हॉटेलांची कार्डं चाळतात, फोन फिरवतात, बैठका घेतात. तरी नजर हटत नाही. हे कशाने साधलंय? ‘दिग्दर्शन जबरदस्त’ एवढ्यावर बोळवण करू नका, प्रसंग धरून सांगा. आणि पार्श्वसंगीत जवळपास गायब का आहे?

कात्रीवाला

पहिलं श्रेय संकलक राल्फ केम्पलेन यांना. त्यांना याच कामासाठी बाफ्टा (ब्रिटनचा चित्रपट पुरस्कार) मिळालं, ऑस्करचं नामांकनही होतं.

प्रेक्षकाला काय कधी कळू द्यायचं, याचा हिशोब बघा. जॅकल काय करतोय ते सगळं दिसतं. कशासाठी करतोय ते मात्र दडवलेलं असतं. स्मशानात लहानपणीच गेलेल्या मुलाचं नाव शोधतो, त्या नावाचा जन्मदाखला काढतो, पासपोर्ट मिळवतो. (ब्रिटनमध्ये या युक्तीला पुढे जॅकलचंच नाव चिकटलं.) विमानतळावर एका डॅनिश माणसाचा पासपोर्ट उडवतो. यातलं काय कुठे उपयोगी पडणार, हे कोणी समजावून सांगत नाही. त्यामुळे आपण निकालाची वाट बघत बसत नाही, जुळणी करत बसतो.

बंदूक बनवणाऱ्या कारागिराचा प्रसंग पुन्हा बघा. सिरिल क्युसॅकचा हा कारागीर शिंपी माप घेतो तसे प्रश्न विचारतो: अंतर किती, लक्ष्य हलतं की स्थिर, नेम डोक्याचा की छातीचा, दुसरी गोळी झाडायची संधी मिळेल का. जॅकलचं उत्तर साधारण असं की मिळेलही, पण भरवसा नाही. म्हणून बंदूक एका वेळी एकच गोळी घेणारी. दीड तासाने शेवटच्या खोलीत याच उत्तराची किंमत चुकवावी लागते. पहिली गोळी हुकते, कारण द गॉल पदक लावून एका सैनिकाच्या गालाचं चुंबन घ्यायला नेमके वाकतात. नवी गोळी भरतो तोवर दार फुटतं. ती आत येणाऱ्या पोलिसावर खर्च होते आणि आता तिसरी भरायची. तेवढ्या दोन-चार सेकंदांत लबेल, म्हणजे त्याच्या मागावरचा पोलीस अधिकारी, खाली पडलेली पोलिसाची मशीनगन उचलतो. हा शेवट योगायोग वाटत नाही, कारण त्याचं कारण कारागिराच्या खोलीतच पेरलेलं आहे.

आणि घड्याळं मोजा. रस्त्यावर, स्टेशनात, कचेरीत, कुठे ना कुठे दिसतातच. झिनेमनने ‘हाय नून’मध्ये (१९५२) हेच हत्यार उघडपणे वापरलं होतं, इथे ते मागच्या भिंतीवर टांगून ठेवलंय.

फाइल_नंबर_सात

कात्रीवाला जॅकलच्या बाजूने बोलले, पण प्रश्न मधल्या तासाचा होता आणि तो तास लबेलचा आहे. तो टिकतो कारण तपासावर खऱ्या अडचणी लादल्या आहेत.

पहिली अडचण गुप्ततेची. गाजावाजा करायचा नाही, असा खुद्द द गॉल यांचा हुकूम. ना वर्तमानपत्रात फोटो, ना उघड शोध. दुसरी अडचण कागदाची. परदेशी पाहुण्याने हॉटेलात भरलेलं कार्ड गोळा होऊन पोलिसांच्या हाती पडेपर्यंत वेळ जातो, म्हणजे मिळणारी प्रत्येक बातमी शिळी. तिसरी म्हणजे फितुरी: बैठकीतली गोष्ट रात्री डेनिसकडे (बैठकीतल्या एका अधिकाऱ्याची प्रेयसी, कटवाल्यांची हेर), तिथून फोनवर जॅकलकडे.

आता दोघांमधलं अंतर बघा. दक्षिणेतल्या हॉटेलावर पोलीस पोचतात तेव्हा पाखरू काही तासांपूर्वी उडालेलं. पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्टेशनवर तेच अंतर मिनिटांवर येतं आणि शेवटच्या जिन्यात सेकंदांवर. पडद्यावर धावपळ कमीच, पण फास आवळत जातो.

यातली खरी कलाटणी म्हणजे कोलेतचा, जिच्या घरी जॅकल आसरा घेतो तिचा, खून. पोलीस येऊन गेल्याचं ती सांगते आणि तो तिला संपवतो. जॅकलच्या बाजूने हे अटळ वाटतं, पण त्याच खुनामुळे लबेलचे हात सुटतात. साध्या खुनाचा आरोपी म्हणून आता त्याला टीव्हीवरून, उघडपणे शोधता येतं. गुप्ततेचा हुकूम न मोडता.

टेपचा प्रसंग सगळ्यांना आठवतो. भर बैठकीत लबेल ध्वनिफीत लावतो, डेनिसला सगळं सांगणारे गृहस्थ मुकाट उठून जातात. कोणाचा फोन ऐकायचा हे कसं ओळखलंत, असं मंत्री विचारतात, तर याने सगळ्यांचेच फोन लावून ठेवलेले! लबेल झालेला मायकेल लोन्सडेल हे वाक्य इतक्या निर्विकारपणे टाकतो की बसलेल्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

जाता जाता: कटवाल्यांचा पकडून आणलेला माणूस वोलेन्स्की, ज्याच्या छळाच्या टेपवरून ‘शाकाल’ (‘जॅकल’चं फ्रेंच रूप) हा शब्द हाती लागतो, तो नट ज्याँ मार्तां. ‘द बॅटल ऑफ अल्जियर्स’मध्ये (१९६६) कैद्यांचा छळ करवून घेणारा फ्रेंच कर्नल त्यानेच केला होता.

शांत_चौकट

संगीताबद्दल. संगीतकार साधे नव्हेत, जॉर्ज दलरू. त्रुफो आणि गोदार या दोन्ही फ्रेंच दिग्दर्शकांचे चित्रपट केलेले. तरीही श्रेयनामावलीनंतर त्यांना जवळपास गप्प बसवलंय. नंतर जे वाजतं ते बहुतेक प्रसंगातलंच, जसं संचलनातला लष्करी बँड. कारण सरळ आहे. संगीत आलं की घाबरायचं कधी ते प्रेक्षकाला कळतं. ते नसलं की प्रत्येक शांत प्रसंगाकडे संशयाने बघावं लागतं.

कलिंगडाचा प्रसंग आवाज वाढवून ऐका. झाडाला जाळीत लटकवलेलं कलिंगड, आजूबाजूला रानाची शांतता. गोळी, मग दुर्बिणीच्या स्क्रूला किंचित पीळ, पुन्हा गोळी. नेम जुळल्यावर तो शांतपणे खास स्फोटक गोळी भरतो आणि कलिंगडाच्या चिंधड्या होतात. जॅकल झालेल्या एडवर्ड फॉक्सचा चेहरा तसाच. मोठा तारा घ्या, असा निर्मात्यांचा आग्रह होता. झिनेमनने कमी परिचित चेहरा घेतला. नावाजलेला तारा असता तर गर्दीत मिसळणारा माणूस म्हणून तो कोणाला पटलाच नसता.

खोडसाळ

कौतुक पुरे, दोष पण लिहा की. फ्रान्सचं अख्खं मंत्रिमंडळ आपसात सफाईदार इंग्रजी बोलतं, याची सवय व्हायला वेळ लागतो. कथा १९६३ ची, पण रस्त्यावर नंतरच्या मॉडेलच्या गाड्या बिनधास्त फिरतात. कोलेत एवढ्या चटकन त्याची बाजू का घेते, याचं पटणारं कारण पटकथेत नाही. डेल्फिन सेरीगने ते निव्वळ अभिनयाने सावरलंय.

कॅल्थ्रॉपची गाठ मात्र दोष नाही. चार्ल्सचं ‘चा’, कॅल्थ्रॉपचं ‘कॅल’, म्हणजे फ्रेंच स्पेलिंगने ‘chacal’, असं जुळवून पोलीस एक नाव धरतात आणि शेवटी खरा कॅल्थ्रॉप घरी परततो. मग जॅकल म्हणून पुरला तो कोण? काहींना हे घाईत गुंडाळल्यासारखं वाटतं. मला ती घाई योग्य वाटते.

सावलीमागे

मंडळी, हेच हवं होतं. आता कोणती प्रत बघू? आणि १९९७ चा ‘द जॅकल’ पाहावा का?

कात्रीवाला

मूळ लांबी १४३ मिनिटांच्या आसपास आहे. प्रत बरीच आखूड असेल तर घेऊ नका. कापणारा आधी कार्डांचे आणि बैठकांचेच प्रसंग कापतो आणि मग अंतर आवळत गेल्याचं कळतच नाही. कडा छाटून चौकोनी केलेली प्रतही नको, कोपऱ्यातली घड्याळं त्यातच जातात.

१९९७ चा नाही पाहिला तरी चालेल. मूळ नाव वापरायला झिनेमन आणि मूळ कादंबरीकार फोर्साइथ दोघांचाही विरोध होता. त्यात ब्रूस विलिसकडे दुरून चालवायची अजस्र तोफ दिली आहे. एवढं हत्यार हातात असल्यावर कलिंगडाला स्क्रू पिळत बसायची गरजच काय?